संसर्गरोगांत डॉक्टरकी आणि संशोधन: पुण्यातून सुरुवात करणाऱ्यांसाठी

करोनानंतर संसर्गरोग या शाखेची चौकशी करणारे विद्यार्थी आणि त्यांचे पालक वाढले आहेत. पहिला प्रश्न बहुतेकांचा ठरलेला: डीएमला (एमडीनंतरच्या अतिविशेष पदवीला) जागा किती, फी किती, पुढे स्कोप काय? प्रश्न रास्त आहे, पण तो पहिला नाही. नुसती प्रॅक्टिस न करता मेडिकल कॉलेजात राहून रुग्णही पाहायचे आणि संशोधनही करायचं असेल, तर आधी स्वतःला एवढंच विचारावं: एका प्रश्नाच्या मागे, एकाच शहरात, एकाच प्रकारच्या रुग्णांबरोबर दहा-पंधरा वर्षं काढायची आपली तयारी आहे का? या क्षेत्रात ज्यांच्या कामाने उपचार बदलले, त्यांच्या पदव्यांच्या आधी ही चिकाटी नजरेत भरते. ती पाहायला पुण्याबाहेर जायचीही गरज नाही.

पुणेकरांना सवयीने जाणवत नाही, पण देशात अशी शहरं थोडी. स्टेशनजवळ ससून आणि बी. जे. मेडिकल कॉलेज. १९५२ साली ‘व्हायरस रिसर्च सेंटर’ म्हणून सुरू झालेली आणि १९७८ पासून एनआयव्ही म्हणून ओळखली जाणारी संस्था, जिची अतिसुरक्षित प्रयोगशाळा पाषाणला आहे. भोसरीत १९९२ साली उभी राहिलेली एड्स संशोधन संस्था. तिचं नाव अलीकडे लांबलचक झालं असलं तरी जुन्या लोकांच्या तोंडी अजून ‘नारी’च. वानवडीला एएफएमसी, महापालिकेचं नायडू रुग्णालय, हडपसरला सीरम. रुग्ण, विषाणू आणि लस, तिन्ही एकाच पीएमपीच्या पासावर गाठता येतात. याचा फायदा घ्यायचा कसा, हे कळायला या शहरात एक प्रश्न कसा वाढत गेला ते पाहू.

एका प्रश्नाची वंशावळ

१९९३ ते १९९६ या काळात नारीच्या डॉक्टरांनी पुण्यातल्या लैंगिक आजारांच्या दवाखान्यांत आलेल्या ९१६ स्त्रियांची माहिती घेतली आणि एचआयव्हीची तपासणी केली. त्यांतल्या ५२५ जणी देहविक्रय करणाऱ्या होत्या, ३९१ नव्हत्या. पहिल्या गटात जवळजवळ निम्म्या बाधित निघाल्या. त्या काळी याचं कुणाला फारसं आश्चर्य वाटलं नसतं. दुसऱ्या गटात मात्र १३.६ टक्के बाधित होत्या आणि त्यांत नवऱ्याशिवाय कुणाशीही संबंध न आलेल्या संसारी बायका होत्या. त्यांच्या बाबतीत धोका एकच दिसत होता: घरचा जोडीदार. हा शोधनिबंध १९९७ मध्ये अमेरिकेच्या ‘जामा’ या नियतकालिकात आला. पहिलं नाव डॉ. रमण गंगाखेडकरांचं. करोनाच्या सुरुवातीला सरकारी पत्रकार परिषदांत आयसीएमआरच्या वतीने बोलायचे तेच. त्यांना २०२० मध्ये पद्मश्री मिळाली. लोकांना ते तेव्हा ‘माहीत झाले’, पण पायाचं काम त्याआधी वीस-पंचवीस वर्षं दवाखान्यातल्या खुर्चीवर बसून झालेलं होतं.

या निबंधात महागडं यंत्र कुठलंच नाही. सगळ्या बायकांचा एकच ढीग न करता दोन गट वेगळे मोजले, आणि विचारायला अवघड असे प्रश्न प्रत्येकीला नीट विचारून लिहून ठेवले, एवढंच. ‘धोक्याचे गट’ हा तेव्हाचा परवलीचा शब्द होता. गृहिणी त्यात बसतच नव्हती, म्हणून तिला तपासणीही कुणी सुचवत नव्हतं. मेडिसिनच्या ओपीडीत बसणाऱ्या कुणालाही असा निबंध तत्त्वतः लिहिता येतो. अडतं ते ठेवलेल्या नोंदींपाशी.

बायका बाधित, म्हणजे पुढचा प्रश्न बाळांचा. बाळंतपणात नेव्हिरॅपिनचा एक डोस आईला आणि एक बाळाला दिला तर लागण कमी होते, हे १९९९ मध्ये युगांडातल्या अभ्यासाने दाखवलं होतं. तरी अंगावरच्या दुधाचा धोका उरलाच. मग वरचं दूध द्या, असा सल्ला कागदावर सोपा वाटतो. ससूनमध्ये येणाऱ्या आईच्या घरी पाणी कुठलं, बाटली उकळायला इंधन आहे का, सासूने ‘अंगावर का पाजत नाहीस’ विचारलं तर ती काय सांगणार? बी. जे.मधल्या बालरोगतज्ज्ञ डॉ. मृदुला फडके आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये ‘जर्नल ऑफ न्यूट्रिशन’मध्ये दाखवलं की बाधित मातांच्या वरच्या दुधावरच्या बाळांना पहिल्या काही महिन्यांत दवाखान्यात भरती करायची वेळ फार येते. म्हणजे एचआयव्हीपासून वाचवलेलं बाळ जुलाबाने भरती. (डॉ. फडके पुढे नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या.)

दूध तोडायचं नाही आणि लागणही होऊ द्यायची नाही, तर औषध बाळालाच जास्त दिवस दिलं तर? बी. जे. आणि जॉन्स हॉपकिन्स यांच्या संयुक्त केंद्राने हा प्रश्न हाती घेतला. इथिओपिया आणि युगांडातही असाच अभ्यास चालू होता. तिन्ही ठिकाणचे आकडे एकत्र करून निष्कर्ष २००८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले: सहा आठवडे रोज औषध घेतलेल्या बाळांत सहाव्या आठवड्याला लागण २.५ टक्के, एकच डोस घेतलेल्यांत ५.३ टक्के. सहाव्या महिन्याला हेच आकडे ६.९ आणि ९ टक्के होते. पण हा फरक योगायोगानेही पडू शकतो इतका कमी होता, आणि तसं निबंधात सरळ लिहिलेलं आहे. म्हणजे सहा आठवडे पुरत नाहीत. दूध चालू असेपर्यंत संरक्षण हवं या दिशेने जगभर अभ्यास झाले आणि २०१० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक सूचनाही तशा बदलल्या. संशोधन शिकणाऱ्याने हा निबंध त्या दुसऱ्या आकड्यासाठी वाचावा. आपल्या बाजूने न लागलेला निकाल कसा मांडायचा, याचा तो चांगला धडा आहे.

पुढचं वळण तर मला सगळ्यांत आवडतं. या चाचणीसाठी पुण्यात नाव नोंदवलेल्या मातांचा पाठपुरावा चालूच होता. त्यांची वहीखाती चाळताना दिसलं की ७१५ मातांपैकी २४ जणींना बाळंतपणानंतर टीबी झाला. टीबी झालेल्या आईच्या आणि तिच्या बाळाच्याही मृत्यूचा धोका वाढत होता. जॉन्स हॉपकिन्सच्या डॉ. अमिता गुप्ता आणि पुण्यातल्या सहकाऱ्यांनी हे २००७ मध्ये प्रसिद्ध केलं. चाचणी होती बाळाच्या एचआयव्हीची, सापडला आईचा टीबी. मग ओघाने प्रश्न आला: बाधित गरोदर बाईला टीबी होऊच नये म्हणून आयसोनियाझिड गरोदरपणीच सुरू करावं, की बाळंतपणानंतर? आठ देशांतल्या ९५६ स्त्रियांवर अभ्यास झाला, त्यात बी. जे.चं केंद्र होतं. २०१९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल’मध्ये निकाल आला तो अनेकांच्या अपेक्षेविरुद्ध: गरोदरपणी औषध घेतलेल्यांत गर्भ वा बाळाच्या बाबतीत काही ना काही वाईट घडण्याचं प्रमाण २३.६ टक्के, नंतर सुरू केलेल्यांत १७ टक्के. चांगल्या हेतूने दिलं जाणारं औषध कधी सुरू करायचं, याचा पुन्हा विचार करावा लागला.

तिकडे भोसरीत मूळ प्रश्नाची दुसरी फांदी वाढत होती. नवऱ्याकडून बायकोला लागण होते, तर नवऱ्याला औषध लवकर सुरू केल्याने ती थांबेल का? नऊ देशांतल्या १,७६३ जोडप्यांच्या अभ्यासात नारीचं केंद्र होतं. २०११ चा निकाल आता पाठ्यपुस्तकांत आहे: लवकर औषधाने जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटते.

१९९३ ते २०१९. बायको, बाळ, दूध, आईचा टीबी, नवऱ्याचं औषध. सगळं एका दवाखान्यातल्या एका निरीक्षणातून फुटलेलं. अशा कामात सुरुवातीला ‘विषय कोणता घेऊ’ याने डोकं खाल्लं जातं, पण दुसरा विषय पहिल्याच्या वहीत असतो. म्हणून दर दोन वर्षांनी विषय बदलणाऱ्या होतकरूंना माझा सल्ला असतो की थोडं थांबा. डेंगीवर एक पेपर, बुरशीवर एक, लशीवर एक, असा बायोडेटा लांब होतो, पण त्यातून पुढचं काही उगवत नाही.

एमबीबीएसला असताना

पीएसएमच्या, म्हणजे प्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यकशास्त्राच्या, तासाला झोपायची आपल्याकडे परंपरा आहे. ती मोडा. घटनेचं प्रमाण, आढळाचं प्रमाण, कोहॉर्ट, केस-कंट्रोल हे तिथे फुकट शिकवलं जातं. पुढे हेच शिकायला लोक परदेशी फी भरतात. मायक्रोबायोलॉजीचंही तसंच.

आयसीएमआरची अल्पमुदतीची विद्यार्थी संशोधन योजना, म्हणजे ‘एसटीएस’, एमबीबीएस-बीडीएसच्या मुलांसाठीच आहे. कॉलेजातला एक गाईड, दोन महिन्यांत होईल एवढा आटोपशीर प्रश्न आणि एथिक्स कमिटीची मंजुरी लागते. विद्यावेतन अहवाल मंजूर झाल्यावरच मिळतं, त्यामुळे अहवाल लिहायचा कंटाळा परवडत नाही. प्रश्न निवडताना हात आखडता ठेवा. ‘पुणे शहरातील प्रतिजैविकांचा वापर’ हा विषय दोन महिन्यांत कुणाच्या बापाला झेपणार नाही. ‘आमच्या मेडिसिन वॉर्डात रक्ताचं कल्चर पहिल्या डोसच्या आधी घेतलं गेलं का’ हा झेपेल.

तो प्रश्न उगाच सुचवलेला नाही. रात्री दोन वाजता ताप आणि कमी झालेल्या बीपीचा रुग्ण आला की वॉर्डात काय होतं ते एकदा उभं राहून पाहा. सलाईन लागतं, अँटिबायोटिकचा पहिला डोस जातो आणि कल्चरची बाटली आठवते सकाळच्या राउंडला. खरं तर डोसच्या आधी, दोन वेगळ्या जागांहून, मोठ्या माणसाच्या बाबतीत प्रत्येक बाटलीत ८ ते १० मिलि रक्त जायला हवं. प्रत्यक्षात एकाच हातातून तीन मिलि निघतं आणि दोन बाटल्यांत वाटलं जातं. कातडी नीट पुसलेली नसली तर कातडीवरचेच जंतू उगवतात आणि रुग्णाला नको ते औषध आठवडाभर चालतं. संसर्गरोगतज्ज्ञाचा निम्मा दिवस अशा रिपोर्टांचा अर्थ लावण्यात जातो: हा जंतू खरा की बाटलीत आलेला, हे औषध चालू ठेवायचं, उतरवायचं की थांबवायचं. रुग्णालयातले जंतू कोणत्या औषधाला दाद देत नाहीत याचा वार्षिक तक्ता याच बाटल्यांवर उभा असतो. बाटली भरतो तो इंटर्न. तो इंटर्न तुम्ही असाल तेव्हा सिस्टरकडून हात पुसण्यापासून लेबलवर वेळ लिहिण्यापर्यंत सगळं शिकून घ्या.

एमडी, थीसिस आणि त्यापुढे

हिशोब स्पष्ट असलेला बरा. एमबीबीएस इंटर्नशिपसह साडेपाच वर्षं, एमडी तीन, डीएम तीन. अठराव्या वर्षी आत गेलेलं मूल कुठेही न अडखळता तिशी गाठतं. नीट-पीजीचे एक-दोन प्रयत्न आणि बाँडची सेवा धरली तर बत्तीस-तेहेतीस. आईवडिलांनी हा आकडा आधी पचवावा आणि ‘शेजारच्यांचा मुलगा इंजिनिअर होऊन फ्लॅट घेऊन बसला’ हे वाक्य घरात बोलू नये.

रुळलेली वाट एमडी मेडिसिनची. बालरोगवाल्यांनाही दार उघडं असतं. बाकी शाखांची पात्रता त्या वर्षीच्या प्रवेश परीक्षेच्या माहितीपत्रकातच पाहावी, सीनियरच्या सांगण्यावर जाऊ नये. दिल्लीचं एम्स, चंदीगडचं पीजीआय, वेल्लोरचं सीएमसी इथल्या डीएमला मान आहे. खाजगी रुग्णालयांत डीआरएनबी आणि फेलोशिपही होतात. जागा निवडताना तिथे सध्या शिकणाऱ्या विद्यार्थ्याला गाठून विचारा: दिवसाला किती विभागांतून बोलावणं येतं? आयसीयू, रक्ताचा कॅन्सर आणि प्रत्यारोपणाचे रुग्ण आहेत का? मायक्रोबायोलॉजीच्या प्रयोगशाळेत रोज बसता येतं का? टीबी आणि एचआयव्हीची स्वतंत्र ओपीडी आहे का? झकपक कॉर्पोरेट इमारतीत पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरं छान येतात आणि चौथ्याला शांतता पसरते. सरकारी ठिकाणी बहुधा उलटं.

एमडीचा थीसिस ही पहिली खरी संधी, आणि बहुतेक जण ती वाया घालवतात. गाईडकडे पडून असलेला, मागच्या बॅचने जवळपास केलेलाच विषय घेतला जातो. आकडे शेवटच्या सहा महिन्यांत गोळा होतात आणि संख्याशास्त्र पैसे देऊन बाहेरून करून घेतलं जातं. संख्याशास्त्रज्ञाकडे आकडे गोळा करण्याआधी जा, नंतर गेलात तर तो फार तर सांत्वन करू शकेल. एनएमसीने पदव्युत्तर विद्यार्थ्यांना सक्तीचा केलेला जैववैद्यकीय संशोधनाचा पायाभूत अभ्यासक्रम प्रमाणपत्रापुरता उरकू नका. चेन्नईच्या राष्ट्रीय रोगपरिस्थितीविज्ञान संस्थेने तो बेतलेला आहे आणि चांगला आहे. औषधाची चाचणी असेल तर पहिला रुग्ण घेण्याआधी सीटीआरआयवर, म्हणजे देशातल्या चाचण्यांच्या नोंदवहीत, नोंदणी हवी. २००९ पासून ही सक्ती आहे. मागाहून नोंदवलेला अभ्यास चांगलं नियतकालिक दारातूनच परत पाठवतं.

डीएम हाच एक रस्ता नाही. साथींचा माग काढण्यात रस असेल तर दिल्लीच्या एनसीडीसीचा दोन वर्षांचा ईआयएस कार्यक्रम आहे, चेन्नईला एमपीएच आहे. ज्यांना डॉक्टर न होता विषाणूंवर काम करायचं आहे त्यांच्यासाठी एनआयव्हीत सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची विषाणूशास्त्रातली एमएस्सी आहे. स्वतःचा प्रश्न घेऊन काही वर्षं संशोधनालाच द्यायची असतील तर इंडिया अलायन्सच्या फेलोशिप्स पाहाव्यात. डॉक्टरांसाठी त्यांत वेगळा विभाग आहे.

माणसांशी बोलणं

हा भाग अभ्यासक्रमात अर्ध्या पानाचा आणि कामात निम्म्या दिवसाचा.

चाचणीत भाग घेणाऱ्या बाईसमोर संमतीपत्र ठेवलं जातं. ते मराठीत असतं, पण कुठलं मराठी? ‘यादृच्छिकीकरण’ हा शब्द वाचून ती मान डोलावेल आणि सही करेल. अनुभवी समुपदेशक सांगते, ‘ताई, तुम्हाला दोनपैकी कुठलं औषध मिळेल हे डॉक्टर ठरवणार नाहीत, मीही नाही. चिठ्ठी उचलल्यासारखं कॉम्प्युटर ठरवेल. आणि नको वाटलं तर मधूनच सोडता येईल, तरी तुमचा इथला उपचार थांबणार नाही.’ मग ती उलट विचारते: ‘आता तुमच्या शब्दांत सांगा बरं, काय समजलं?’ हे उलट विचारणं तुम्हाला आलंच पाहिजे. लिहिता-वाचता येत नसेल तर चाचणीशी संबंध नसलेला साक्षीदार समोर लागतो. नव्या औषधांच्या काही चाचण्यांत असुरक्षित गटातल्या सहभागींच्या संमतीचं चित्रीकरण करावं लागतं. एचआयव्ही आणि कुष्ठरोगाच्या औषधांसाठी मात्र नियमाने फक्त आवाज नोंदवायचा, चेहरा नाही. २०१९ च्या नियमांमधली ही सवलत ज्याने लिहिली, त्याला रुग्णाची भीती कळलेली होती.

या शहराला ती भीती जुनी ओळखीची आहे. १८९७ च्या प्लेगात प्लेग समितीचा प्रमुख रँड याच्या पथकांनी घरांत शिरून झडत्या घेतल्या. लोक रुग्ण लपवू लागले, आणि पुढे रँडची हत्या झाली, तो इतिहास सर्वांना ठाऊक आहे. त्याच साथीत सावित्रीबाई फुले मुलाच्या, डॉ. यशवंतच्या दवाखान्यात मुंढव्याच्या एका आजारी मुलाला उचलून घेऊन गेल्या. १० मार्च १८९७ ला त्याच आजाराने त्यांचं निधन झालं.

समुपदेशक, समाजसेवा अधीक्षक, आशाताई, वॉर्डातल्या मावशी यांच्याशी तुमचं कसं जमतं यावर पाठपुराव्याचे आकडे ठरतात. तीन वर्षांच्या अभ्यासात पत्ता बदललेली बाई शोधून आणते ती फिल्ड वर्कर, मुख्य संशोधक नव्हे. निबंधात तिचं नाव निदान आभारांत तरी असावं. लेखकांच्या यादीत असलं तर आणखी चांगलं.

साथ आली की

साथीत संशोधक तयार होत नाहीत, उघडे पडतात. ३ ऑगस्ट २००९ ला स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला. ९ मार्च २०२० ला करोनाचे राज्यातले पहिले दोन रुग्ण नायडूत आले. जुलै २०२१ मध्ये पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला महिनाभर तापाचे रुग्ण निघत होते. तपासणीत बरेचसे चिकुनगुनिया, थोडे डेंगी आणि एक झिका निघाला, राज्यातला पहिला. चिकुनगुनिया सापडल्यावर ‘कारण मिळालं’ म्हणून फाईल मिटली असती तर झिका दिसलाच नसता. जून २०२४ मध्ये झिका शहरात, एरंडवण्यात आला, आणि गरोदर स्त्रियांच्या तपासण्या सुरू झाल्या.

जानेवारी २०२५ ची साथ शिकण्यासारखी होती. सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यातून हातपाय लुळे पडलेले रुग्ण रुग्णालयांत यायला लागले. निदान गिलाँ बारे सिंड्रोम. तो एरवीही अधूनमधून दिसतो, म्हणून एकेका रुग्णाकडे पाहून कुणाला काही वाटलं नसतं. नेहमीपेक्षा जास्त येताहेत हे कुणाच्या तरी लक्षात आलं आणि त्यांनी ते कळवलं. मग शौचाचे नमुने, त्यांत कॅम्पिलोबॅक्टर आणि काहींत नोरोव्हायरस, आणि शोध विहिरीच्या पाण्यापर्यंत. संशयित रुग्ण पुढे दोनशेवर गेले.

‘नेहमीपेक्षा जास्त’ म्हणायला नेहमीचा आकडा माहीत हवा. तुमच्या वॉर्डात महिन्याला किती गिलाँ बारे, किती मेंदूज्वर, किती लेप्टो येतात? विभागप्रमुखांना विचारून पाहा. उत्तर अंदाजाने येईल. तो आकडा काढून ठेवणं हा निवासी डॉक्टरच्या आवाक्यातला, बिनखर्ची आणि बरीच वर्षं उपयोगी पडणारा उद्योग आहे. आणि हिस्ट्री घेताना ‘पाणी कुठलं’ हे विचाराच. नळाचं, टँकरचं, विहिरीचं की सोसायटीच्या टाकीचं, ते लिहा. केस पेपरवर त्याला रकाना नसतो, समासात लिहा.

पैसा, पेपर आणि मालकी

खाजगी रुग्णालयात संसर्गरोगतज्ज्ञाला आता मागणी आहे, पण तो शस्त्रक्रिया करत नाही, स्कोप घालत नाही. बरेचदा तो महागडं औषध बंद करायला सांगतो. त्याची किंमत व्यवस्थापनाला पटवावी लागते. सरकारी कॉलेजात पगार कमी, बदलीची टांगती तलवार आणि शिकवण्याचा बोजा. तरी रुग्ण आणि सातत्य तिथेच. चाचण्यांच्या केंद्रात पगार बरा, पण नोकरी अनुदानाच्या मुदतीची. २०२५ मध्ये अमेरिकेच्या एनआयएचने परदेशी संस्थांना उप-अनुदान देण्याची पद्धत बदलली, तेव्हा परकीय पैशावरच्या कामाची नाजूक बाजू पुन्हा दिसली. एका प्रश्नाला दोन निधीदार असू द्यावेत, एक देशातला.

वर सांगितलेल्या वंशावळीतले बरेच अभ्यास परदेशी विद्यापीठांच्या साथीने झाले. त्यात गैर काही नाही, पण तरुण संशोधकाने तीन गोष्टी स्पष्ट विचाराव्यात: प्रश्न कोणी ठरवला, आकडे कुणाकडे राहणार, त्यातून पुढचा निबंध आम्हाला लिहिता येईल का? नुसते रुग्ण पुरवणारं केंद्र होऊन दहा वर्षं घालवलेले हुशार लोक मी पाहिले आहेत. त्यांच्या नावावर निबंध भरपूर, त्यांचा स्वतःचा प्रश्न एकही नाही. आणि बढतीसाठी पैसे भरून आठवड्यात छापून देणाऱ्या नियतकालिकांच्या ईमेल सरळ उडवा. ‘आदरणीय प्रोफेसर’ म्हणून तुम्हाला, इंटर्नला, ज्यांनी लिहिलंय त्यांनी ते तुमचं काम वाचून लिहिलेलं नसतं.

आत शिरण्याआधी

हे सगळ्यांत आधी सांगायला हवं होतं, पण मुलं तोवर ऐकत नाहीत. हिपॅटायटिस बीचे तीन डोस (० , १ आणि ६ महिने) पूर्ण करा आणि शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी अँटिबॉडी मोजा. १० च्या खाली आली तर पुन्हा डोस. बरेच विद्यार्थी तिसरा डोस चुकवतात आणि मोजणी तर फारसं कुणी करत नाही. टीबी वॉर्डात सर्जिकल मास्क चालत नाही, एन-९५ लागतो, तोही चेहऱ्याला नीट बसणारा. दोन आठवड्यांवर टिकलेला स्वतःचा खोकला ‘ड्यूटीमुळे’ म्हणून टोलवू नका. निवासी डॉक्टरांना टीबी होतो.

सुई टोचली तर बोट पिळू नका, तोंडात घालू नका. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा, लगेच सीनियरला सांगा आणि कॅज्युअल्टीत किंवा एआरटी केंद्रात जा. प्रतिबंधक औषध पहिल्या दोन तासांत मिळालं तर उत्तम, ७२ तासांनंतर त्याचा उपयोग धरत नाहीत. आपल्या रुग्णालयात रविवारी रात्री ही औषधं कुठल्या कपाटात असतात आणि किल्ली कुणाकडे असते, हे पोस्टिंगच्या पहिल्याच दिवशी विचारून ठेवा.